डॅशबोर्डवरची स्क्रीन आणि डोक्याची धडक: काच जाड करण्याआधी तिच्या मागची जागा मोजा

प्रश्न थोडक्यात असा. १५ इंची मधली स्क्रीन डॅशबोर्डच्या वर निम्मी बाहेर आलेली, म्हणजे तरंगती आहे. वजन सुमारे २ किलो. ती मॅग्नेशियमच्या ओतीव ब्रॅकेटवर चार स्क्रूंनी बसवली आहे आणि ब्रॅकेट थेट क्रॉस कार बीमला, म्हणजे डॅशबोर्डच्या आत गाडीच्या रुंदीभर जाणाऱ्या धातूच्या आडव्या तुळईला, जोडला आहे. डोक्याच्या धडकेच्या चाचणीत मधोमध मारल्यावर ३ मिलिसेकंदांचा आकडा ९५ जी येतो (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाची पट; मर्यादा ८०). वरच्या कोपऱ्यात मारल्यावर आकडा मर्यादेत राहतो, पण काच फुटून धारदार कडा उघड्या पडतात. पुरवठादार म्हणतो, १.१ मिमीची काच आणखी जाड करू. करावी का?

नको. या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि जाड काचेने त्यातली एकही सुटण्याची खात्री नाही. पहिली अडचण स्क्रीनच्या मागे आहे, दुसरी काचेच्या कडेला. त्याच क्रमाने बघू.

आधी चाचणी नेमकं काय मागते ते. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक २१ आणि अमेरिकेचं वाहन सुरक्षा मानक एफएमव्हीएसएस २०१ या दोन्हींचा गाभा सारखाच आहे. १६५ मिमी व्यासाचा, ६.८ किलोचा हेडफॉर्म, म्हणजे डोक्याऐवजी वापरायचा गोळा, ताशी २४.१ किमी वेगाने आदळतो आणि त्याचा मंदवेग (वेग घटण्याचा दर) सलग ३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ ८० जीच्या वर राहता कामा नये. समोरच्या एअरबॅगच्या अटी पूर्ण करणाऱ्या गाडीला वेग ताशी १९.३ किमी चालतो. याशिवाय नियम २१ मध्ये धडकेनंतर धोकादायक धार उरू नये ही अट आहे. आकडा ६० जी आला पण फुटलेली काच सुरीसारखी उभी राहिली, तर चाचणी पास झाली असं मानू नका.

आता हिशेब. ताशी २४.१ किमी म्हणजे सेकंदाला ६.६९ मीटर. ६.८ किलोच्या हेडफॉर्मची ऊर्जा होते १५२ जूल. पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत अगदी एकसारखा ८० जी मंदवेग मिळाला, तरी थांबायला २८.५ मिमी लागतात. ताशी १९.३ किमीला हाच आकडा १८.३ मिमी आहे. पण असा एकसारखा मंदवेग प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. आलेख वर चढायला वेळ घेतो, मध्ये खळगे पडतात. म्हणून २४.१ च्या वेगासाठी ४५ ते ५० मिमी मोकळी जागा धरून चाला. ४५ मिमीत १५२ जूल जिरवायचे तर सरासरी बल लागतं सुमारे ३.४ किलोन्यूटन, म्हणजे ५० जीच्या आसपास. ब्रॅकेटने साधारण ३ ते ३.५ किलोन्यूटनला वाकायला लागावं आणि पुढे तेवढ्याच बलाने वाकत राहावं, हे तुमचं लक्ष्य.

एअरबॅगची सवलत मिळत असली तरी रचना २४.१ साठीच करावी असं माझं ठाम मत आहे. १९.३ ला जेमतेम पास होणारी रचना वेग थोडा वाढला की तळाला टेकते आणि टेकल्यावर बल हळूहळू वाढत नाही, एकदम उसळतं. जागा आधीच राखून ठेवली तर ही सुरक्षितता फार महाग पडत नाही. डॅशबोर्डचं डिझाइन गोठल्यावर मात्र ती कोणत्याही किमतीला मिळत नाही.

तर पहिलं काम: स्क्रीनच्या मागे खरोखर किती मिमी मोकळे आहेत ते मोजा. ड्रॉइंगवरचं अंतर नको, धडकेच्या दिशेतलं हवं. नियम २१ मध्ये मारायची दिशा बसलेल्या माणसाच्या नितंबाच्या सांध्याभोवती फिरणाऱ्या कमानीला स्पर्शरेषेत असते. सांध्यापासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर ७३६ ते ८४० मिमी धरलेलं आहे. धड पुढे झुकतं तसं डोकं पुढे आणि खाली येतं. धड उभ्या रेषेपासून ४५ अंश झुकलेलं असेल तेव्हा डोक्याची दिशाही आडव्या रेषेच्या ४५ अंश खाली असते. म्हणून तरंगत्या स्क्रीनची वरची कड हीच पहिली आणि सर्वांत वाईट जागा. आडव्या दिशेत ५० मिमी मोकळे दिसतात, पण तिरक्या दिशेत २० मिमीवरच डॅशबोर्डची वरची कड आडवी येते, हे अनेक ड्रॉइंगमध्ये शेवटपर्यंत लक्षातच येत नाही.

जागा खाणाऱ्या वस्तू ठरलेल्या आहेत. मागे सरळ बाहेर आलेला कनेक्टर आणि त्याच्या वायरचं वळण मिळून सहज ५० मिमी खातात. त्याऐवजी काटकोनी कनेक्टर घ्या आणि वायर बाजूने न्या. उष्णता बाहेर टाकणारा, उंच पात्यांचा हीटसिंक बरोबर मध्ये असेल तर तो न चिरडणारा ठोकळा ठरतो. शक्य असेल तर सर्किट बोर्ड स्क्रीनच्या पाठीवरून काढून डॅशबोर्डच्या आत वेगळ्या डब्यात हलवा. यात दुहेरी फायदा आहे: जागा मिळते आणि धडकेत हलणारं वस्तुमानही घटतं.

हे वस्तुमान किती छळतं ते बघा. ६.८ किलोचा हेडफॉर्म २ किलोच्या स्क्रीनवर आदळला आणि दोन्ही एकत्र चालू लागले, की ब्रॅकेटने काहीही विरोध केला नाही तरी वेग ६.६९ वरून ५.१७ वर येतो. ही सेकंदाला १.५२ मीटरची घट १.५ मिलिसेकंदात झाली तर सरासरी मंदवेग १०३ जी. स्क्रीन १.२ किलोची असेल तर घट सेकंदाला सुमारे १ मीटर आणि सरासरी ६८ जी. हा सुळका अरुंद असल्याने एकटा नापास करत नाही. पण त्याला लागूनच ब्रॅकेटचं बल चढलं तर दोन्ही मिळून ३ मिलिसेकंदांची खिडकी भरून टाकतात.

म्हणून तुमचा ९५ जीचा आकडा बाजूला ठेवा आणि पूर्ण आलेख मागवा, वेळेच्या अक्षावर आणि विस्थापनाच्या अक्षावरही. पहिल्या एक-दोन मिलिसेकंदातच शिखर असेल तर दोष वस्तुमानाचा. सुरुवात ठीक आणि शेवटी उंच शिखर असेल तर स्क्रीन मागे कशावर तरी टेकली आहे. सुरुवातीनंतर लगेच रुंद पठार ८० च्या वर बसलं असेल तर ब्रॅकेट फार ताकदवान आहे, तो वाकतच नाही. आणि पठार, मग एकदम खोल दरी, मग शिखर असं दिसलं तर ब्रॅकेट तुटला आणि नंतर स्क्रीन बीमवर आदळली. ओतीव मॅग्नेशियम आणि मधोमध धडक म्हटल्यावर शेवटच्या दोनपैकी एक निघेल असा माझा अंदाज आहे.

ओतीव मॅग्नेशियममध्ये मिश्रधातू कोणता आहे हे विचारा. एझेड९१ ओतायला सोपा, पण तुटण्याआधी जेमतेम ३ टक्के ताणला जातो. एएम६० त्याच्या दुप्पट किंवा जास्त ताणला जातो. तरीही ऊर्जा जिरवायचं काम ओतीव भागाकडे देऊच नये. तो तुटला की बल शून्यावर येतं, उरलेली जागा फुकट जाते आणि तुटलेला खुंट प्रवाशाच्या दिशेने उभा राहतो. मॅग्नेशियम स्क्रीनच्या पाठीच्या ताटासाठी, म्हणजे तिला मागून धरणाऱ्या सपाट प्लेटसाठी, ठेवा. बीम आणि ताट यांच्यामध्ये १ ते १.२ मिमी जाडीच्या मऊ पोलादी पत्र्याचे, झेड किंवा एस आकारात वाकवलेले पाय द्या. पत्रा कुठे घडी पडेल ते खाचा आणि भोकांनी आधीच ठरवा. भोकांच्या कडांवर धातूचे बारीक काटे उरू देऊ नका, नाहीतर घडी पडण्याऐवजी तिथूनच फाटत जाईल. पायांची रचना अशी करा की स्क्रीन मागे सरकताना थोडी खाली झुकेल. वर उलटली तर तिची खालची धार छातीकडे येते.

इथे कंपन विभाग हमखास आडवा येतो: ब्रॅकेट नरम केला तर स्क्रीन थरथरेल. आकड्यात बघा. २ किलोच्या स्क्रीनची नैसर्गिक वारंवारता ४० हर्ट्झ हवी असेल तर ताठरपणा लागतो सुमारे १२६ न्यूटन प्रति मिमी. तुम्हाला ६ मिमीमध्ये ३ किलोन्यूटनपर्यंत पोचायचं असेल तर ५०० न्यूटन प्रति मिमी हवा, म्हणजे वारंवारता जवळजवळ ८० हर्ट्झ. धडकेसाठी योग्य असलेला ब्रॅकेट कंपनासाठी पुरून उरतो. ताठरपणा आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला ताठ असावं, ३ किलोन्यूटनला मात्र हार मानावी. बीमपासून लांब पुढे आलेल्या आधारात ही सवलत कमी होते, हे खरं. तेव्हा आधाराची लांबी कमी करा, जाडी वाढवू नका.

आता कोपरा. तिथे जीचा आकडा कमी येणं साहजिक आहे, कारण स्क्रीन फिरते आणि हेडफॉर्मला तिचं सगळं वस्तुमान जाणवत नाही. काच फुटते ती वाकल्यामुळे. काच वाकली की पृष्ठभागावरचा ताण म्हणजे यंगचा गुणांक (पदार्थाच्या ताठरपणाचं माप) गुणिले जाडी, भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. अ‍ॅल्युमिनोसिलिकेट काचेसाठी गुणांक ७२ गिगापास्कल धरा. १.१ मिमीची काच १०० मिमी त्रिज्येवर वाकली तर ताण ३९६ मेगापास्कल. ०.७ मिमीची काच तेवढीच वाकली तर २५२. मागचं ताट वाकतंय आणि काच त्याच्या मागे ओढली जातेय अशा ठिकाणी जाड काच आधी फुटते. उलट, मागे आधार नसलेल्या जागी थेट बल पडत असेल तर जाड काच टिकते. तुमच्या कोपऱ्यात यापैकी काय चाललंय हे न बघता जाडी ठरवणं म्हणजे नाणं उडवणं.

वजनाचा मुद्दाही इथेच मिटवू. ३४० बाय २०० मिमीची काच १.१ मिमी जाडीत सुमारे १८० ग्रॅम भरते, ०.७ मध्ये ११५ ते १२० ग्रॅम. फरक ६५ ग्रॅमच्या आसपास. वजन कमी करायचं तर काच सोडा, पाठीचं ताट आणि हीटसिंक बघा.

कोपऱ्यातला खरा गुन्हेगार बहुधा काचेचा बाहेर आलेला भाग असतो. स्क्रीन बारीक दिसावी म्हणून ताट काचेच्या कडेच्या १५-२० मिमी आत संपवतात. हेडफॉर्म कोपऱ्यावर आला की काच ताटाच्या कडेवर मुडपते आणि तिथेच वक्रतेची त्रिज्या सर्वांत लहान होते. उपाय: ताट काचेच्या कडेपर्यंत न्या, बाहेर आलेला भाग १ मिमीच्या आत ठेवा, ताटाच्या कडेला मोठी गोलाई द्या. काचेची कड उघडी ठेवू नका. पीसी-एबीएस या चिवट प्लास्टिकच्या चौकटीचा ओठ कडेच्या बाजूने वर येऊन काचेच्या पातळीच्या किंचित पुढे राहू द्या, म्हणजे पहिला स्पर्श प्लास्टिकला होईल. त्या ओठाची गोलाई २.५ मिमीपेक्षा कमी नको. ही गोलाई नियम २१ मध्येही वारंवार येते आणि ‘पातळ दिसत नाही’ या कारणाने ती घालवायचा आग्रह झाला तर तो मान्य करू नका.

काचेच्या कडेचा इतिहास पुरवठादाराकडून लेखी घ्या. या काचा रासायनिक पद्धतीने मजबूत करतात: वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवल्या की काचेतले सोडियमचे आयन जाऊन मोठे पोटॅशियमचे आयन बसतात आणि पृष्ठभागावर दाबाचा थर तयार होतो. दाब अनेकशे मेगापास्कल, पण थराची खोली साधारण ३० ते ५० मायक्रॉनच. कड घासताना राहिलेली चीर यापेक्षा खोल असेल तर तिचं टोक दाबाच्या थराच्या पलीकडे, ताणाच्या प्रदेशात असतं आणि मजबुतीचा उपयोग होत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कापणं, मग कड घासून पॉलिश करणं, मग आयन बदल. काचेचा मोठा ताव आधी मजबूत करून नंतर कापला असेल तर कापलेल्या कडेवर दाबाचा थरच नसतो. दोन्ही काचा दिसायला सारख्या, कागदावर जाडी आणि ग्रेडही सारखा. थंड अवस्थेत वाकवून चौकटीला चिकटवलेली वक्र काच असेल तर वाकवण्याचा कायमचा ताणही हिशेबात धरा, ०.७ मिमीच्या काचेला १ मीटर त्रिज्येवर तो सुमारे २५ मेगापास्कल असतो.

फुटलेली काच फेकून देऊ नका. तुकडे मागून टेपने धरून ठेवा आणि भेगा उलट दिशेने माग काढत जिथे एकत्र येतात तिथपर्यंत जा. तो उगम भिंगाखाली बघा. उगमाभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग दिसतो, मग धुरकट, मग खरबरीत. आरशाचा भाग लहान असेल तर काच मोठ्या ताणाखाली फुटली, म्हणजे वाकणं जास्त होतं आणि आधार सुधारायचा. आरसा मोठा असेल तर ती कमी ताणाखालीच फुटली, म्हणजे तिथे आधीपासून दोष होता आणि कड घासण्याची प्रक्रिया सुधारायची. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका तुकड्यात आहे आणि तो बहुतेक वेळा चाचणीनंतर झाडूने गोळा होतो.

काच कधीतरी फुटणारच, तेव्हा तुकडे धरून ठेवायची सोय हवी. मधल्या भागात काच आणि पॅनेल यांच्यातला पारदर्शक चिकट थर तुकडे छान धरतो. अडचण काठाच्या काळ्या पट्टीत. तिथे हा थर सहसा पोचत नाही; नुसती फोमची टेप असते किंवा काहीच नसतं. उडालेले तुकडे गोळा केले तर त्यातले बरेच काळ्या पट्टीचे निघतात. चिकट थर पट्टीखालीही न्या, किंवा मागे तुकडे धरणारी फिल्म लावा आणि ती कडेपासून अर्ध्या मिमीपर्यंत पोचू द्या. काळी शाई काचेला नीट धरून आहे का तेही तपासा, कारण शाई सुटली तर फिल्म शाईसकट निघून येते आणि काच मोकळी होते.

काचेऐवजी कठीण लेप दिलेलं पॉलिकार्बोनेट वापरता येतं. ते धारदार फुटत नाही, हा मोठा गुण. ओरखडे, उन्हात पिवळं पडणं आणि लेपाला तडे जाणं हे दोष. लहान आणि कडेच्या स्क्रीनला ते चांगलं. १५ इंचाला चमक आणि सपाटपणा राखणं कठीण जातं. मागच्या बॅकलाइटची पातळ पत्र्याची चौकट विसरू नका. काच शाबूत राहते आणि हा अर्ध्या मिमीपेक्षा पातळ पत्रा बाजूने बाहेर येतो, असंही होतं. त्याच्या कडा दुमडून घ्या.

स्क्रीनवर फिरवायचं बटण चिकटवलेलं असेल तर नियम २१ चे आकडे लागू होतात. कठीण वस्तूचं बटण ३.२ ते ९.५ मिमी बाहेर असेल तर टोकापासून २.५ मिमीवर छेदाचं क्षेत्रफळ किमान २ चौरस सेमी आणि कडांची गोलाई किमान २.५ मिमी. ९.५ मिमीपेक्षा जास्त बाहेर असेल तर ३७८ न्यूटन बलाखाली ते ९.५ मिमीच्या आत जावं किंवा सुटून पडावं. शिवाय टोकापासून ६.५ मिमीच्या आत छेदाचं क्षेत्रफळ किमान ६.५ चौरस सेमी हवं. काचेवर चिकटवलेलं बटण आत जाऊ शकत नाही, म्हणून बुटकं आणि रुंद करणं हाच सोपा मार्ग.

फिरणारी किंवा सरकणारी स्क्रीन असेल तर प्रत्येक वापराच्या स्थितीत तपासा. प्रवाशासमोरची स्क्रीन असेल तर एअरबॅगचं झाकण उघडताना तिच्या वरच्या कडेला घासत नाही ना, हे वेगळ्या चाचणीत आणि थंडीतही बघा, कारण थंडीत प्लास्टिक ठिसूळ आणि चिकट थर कडक होतो.

पुढच्या फेरीसाठी मारायच्या जागा अशा निवडा: दोन्ही वरचे कोपरे, वरच्या कडेचा मध्य, स्क्रीनचा मध्य, ब्रॅकेटच्या पायाच्या बरोबर समोर, आणि सर्किट बोर्ड किंवा कनेक्टरच्या समोर. काचेची ताकद नमुन्यागणिक बदलते, तेव्हा एका जागेचा एक निकाल काहीच सांगत नाही. जिथे काच फुटण्याची शक्यता आहे तिथे किमान तीन नमुने, जमल्यास पाच. प्रत्येक वेळी नवी स्क्रीन आणि नवा ब्रॅकेट. एकदा मार बसलेल्या ब्रॅकेटवर दुसरी धडक दिली की जागा आधीच संपलेली असते. स्क्रीन कडक लोखंडी सांगाड्यावर बांधून घेतलेले आकडे तुलनेपुरते ठीक. निर्णयासाठी खरा बीम आणि खरा डॅशबोर्डच हवा. धारेची तपासणी हातमोजा घालून करा. शंका असेल तिथे हेडफॉर्मवर शॅमॉय कातडं चढवा आणि कातडं कापलं गेलं का ते बघा.

संगणकावरच्या गणनेत काचेचे घटक (गणनेसाठी पाडलेले छोटे तुकडे) २-३ मिमीचे ठेवा, आयन बदलाचा आणि वाकवण्याचा सुरुवातीचा ताण भरा, पीसी-एबीएसला वेगानुसार बदलणारे गुणधर्म द्या. जीचा आकडा आणि विस्थापन ही गणना चांगलं सांगते. काच नेमकी फुटेल की नाही हे मात्र एका मर्यादेवरून ठरवू नका; फुटण्याची शक्यता वायबुल वितरणावरून (ठिसूळ वस्तूंच्या ताकदीतला फरक मांडणाऱ्या संख्याशास्त्रीय सूत्रावरून) काढा आणि कडेसाठी वेगळी, पृष्ठभागासाठी वेगळी.

कामाचा क्रम: आलेख मागवा, तिरक्या दिशेतली जागा मोजा, कनेक्टर आणि हीटसिंक हलवा, ओतीव ब्रॅकेटच्या जागी पत्र्याचे पाय बसवा, ताट कडेपर्यंत न्या, चिकट थर काळ्या पट्टीखाली न्या. इतकं केल्यावर १.१ आणि ०.७ मिमीच्या काचा कोपऱ्यात शेजारीशेजारी तपासा. आणि मंजुरीनंतर कड घासण्याची प्रक्रिया, शाई, चिकट थर किंवा ब्रॅकेटचा पत्रा यापैकी काहीही बदललं तर वरच्या कोपऱ्यांची चाचणी पुन्हा घ्यायची, अशी अट पुरवठादाराच्या करारात लिहून घ्या.